भाकरी, कॅप्सूल आणि मूड

(मंडळाच्या शुक्रवार कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



कट्ट्यावर बोलशील का, असं विचारल्यावर मी मोठ्या उत्साहाने "क्लाऊड कॉम्प्युटिंग" हा विषय सुचवला होता. त्यावर आमच्या सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "अरे, मस्कतमध्ये वर्षातून चार वेळा ढग दिसतात, त्यावर तासभर काय बोलणार? त्यापेक्षा त्या तुझ्या कॅप्सूलचं सांग." त्यांना ती गोष्ट माहीत होती, कारण त्या रात्री मला गाडीत घालून इमर्जन्सीत नेणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान. तेव्हा नाही म्हणण्याची सोयच नव्हती.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, गेली दहा वर्षं लोकांची सॉफ्टवेअर बसवून देतोय. समोर डॉक्टर मंडळी बसली आहेत, काही चुकलं तर लगेच हात वर करा.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या. आपल्याकडे हे दरवर्षीचंच. नवरे दोन महिने "बॅचलर" होतात, पहिले आठ दिवस मजेत जातात, मग खिचडी सुरू होते. पण त्या वर्षी सासऱ्यांची बायपास निघाली आणि दोघींचा मुक्काम दिवाळीपर्यंत लांबला. इकडे घालामधल्या एका क्लायंटचं गो-लाईव्ह डोक्यावर. सकाळी सातला बाहेर, रात्री नऊला परत. बाहेर शेहेचाळीस डिग्री, घरात एसीची घरघर.

मला वाईट वाटत होतं असंही नाही, खरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची, ती पाचपर्यंत. जेवणाची चव गेली. गाणी लावली तर आवाज नकोसा वाटायचा. फोनवर मात्र रोज "सगळं ठीक, तुम्ही काळजी घ्या." आपण "आज मूड नाही यार" सहज म्हणतो, पण "माझं मन कशातच लागत नाही" हे बायकोलासुद्धा सांगता येत नाही. निदान मला आलं नाही.

मग इंजिनिअर करतो ते केलं. पहाटे तीनला लॅपटॉप उघडून "डीबगिंग" सुरू केलं. त्यात सापडली एक साखळी: ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो ॲसिड, त्यापासून शरीरात बनतं ५-एचटीपी आणि त्यापासून सेरोटोनिन, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रं "आनंदाचं रसायन" म्हणतात ते. इनपुट, प्रोसेस, आउटपुट! आउटपुट कमी पडतंय ना, मग इनपुट वाढवा. मला इतकं बरं वाटलं की त्याच रात्री ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल मागवल्या. सोबत "एनर्जी"साठी टायरोसिन, कारण त्यापासून डोपामिन बनतं. शिवाय जिमच्या ट्रेनरने थकव्यावर उपाय म्हणून बीसीएएचा डबा गळ्यात मारला होताच. एकतीस रियाल खर्च झाले. फ्रिजवर थालीपीठाच्या भाजणीशेजारी तीन डबे ओळीने उभे राहिले.

आता थोडं शास्त्र. प्रोटीन म्हणजे माळ धरली तर अमिनो ॲसिड हे तिचे मणी, एकूण वीस प्रकारचे. त्यातले काही शरीर स्वतः बनवतं, काही अन्नातूनच यावे लागतात. अन्नातून यावंच लागतं अशा मण्यांपैकी ट्रिप्टोफॅन सगळ्यात कमी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या हिशेबाने प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला २८०. त्याच यादीत ल्युसिन हे दुसरं अमिनो ॲसिड किलोमागे ३९ मिलिग्रॅम आहे, जवळजवळ दहापट. हे ल्युसिन लक्षात ठेवा, पुढे तेच व्हिलन म्हणून येणार आहे. निदान काही काळ तरी.

शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदूतच बनावं लागतं. त्यासाठी ट्रिप्टोफॅनने रक्तातून मेंदूत जायला हवं, आणि तिथे दार एकच! ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलअलानिन, सगळे त्याच दारात. संध्याकाळी सहाला रुवीचा राउंडअबाऊट आठवा. आपली छोटी गाडी ट्रिप्टोफॅनची आणि बाजूने ल्युसिनचे ट्रक. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर हे दाखवून दिलं: प्रोटीन खाल्लं की रक्तात ट्रिप्टोफॅन वाढतं, पण सोबतचे प्रतिस्पर्धी त्याहून जास्त वाढतात. उलट नुसतं पिष्टमय खाल्लं तर इन्सुलिन वाढतं, ते बाकीच्यांना स्नायूंकडे वळवतं आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. (वरणभातानंतरच्या झोपेचं कारण सापडलं असं कुणाला वाटत असेल तर थांबा. जेवणात थोडंसं जरी प्रोटीन असलं तरी हा परिणाम पुसला जातो, आणि आपल्या भातावर वरण असतंच.)

आता माझा प्रताप बघा. बीसीएए म्हणजे काय? ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन! म्हणजे एका हाताने ट्रिप्टोफॅनची गाडी काढायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यापुढे ट्रक उभे करायचे, वर टायरोसिनची टॅक्सी. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या माणसाने हे दोन महिने केलं.

हे वाचताना मला एक गोष्ट अशी सापडली की मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, कारण ती थेट आमच्या घरापर्यंत येत होती. आमचं मूळ गाव लातूरकडचं. आजोबा जोंधळ्याशिवाय दुसरं धान्य फारसं जेवले नाहीत. पेलाग्रा हा रोग तुम्ही शाळेत वाचला असेल: नायसिनच्या अभावी होतो, उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि मन बिघडतं. जगभर हा रोग मका खाणाऱ्या गरिबांचा मानला जायचा. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असतं (शरीर सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन बनवतं) आणि त्यातलं नायसिनही पचनात मोकळं होत नाही. पण दख्खनच्या पठारावर पेलाग्राचे रोगी दिसत होते आणि ते मका खात नव्हते. ते खात होते ज्वारी, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅनची तितकी ओढ नाही. मग हे होतं कशाने?

हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याचं एक उत्तर मांडलं: ज्वारीत ल्युसिन फार आहे आणि ते ट्रिप्टोफॅन ते नायसिन या वाटेत अडथळा आणत असावं. पुढे त्याच संस्थेत १९७० च्या दशकात डॉ. टी. सी. रघुराम आणि डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी पेलाग्राच्या रोग्यांमधल्या सेरोटोनिनचा अभ्यास केला, कारण या रोग्यांमध्ये उदासी हे एक मोठं लक्षण होतं. आपण "गरिबीने माणूस खचतो" म्हणतो. इथे डॉक्टर विचारत होते की ताटातल्या धान्याचाही त्या खचण्यात काही हात आहे का!

घाबरून भाकरी बंद करू नका हां. काकू, तुमच्याकडे बघूनच सांगतोय. ती माणसं दिवसभर राबून नुसती ज्वारीच खात होती. डाळ नाही, दूध नाही, भाजी असली तर असली. भाकरीबरोबर पिठलं, दही, शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्याला हे लागू नाही. शिवाय ल्युसिनचा सिद्धांत पुढे सगळ्यांनीच मान्य केला असंही नाही, इतर काही प्रयोगशाळांना तसे निकाल मिळाले नाहीत. पण मी एक हिशेब केलाच, सवय आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे सव्वा ग्रॅम ल्युसिन. माझ्या बीसीएएच्या एका चमच्यात डब्यावर लिहिल्याप्रमाणे अडीच ग्रॅम. म्हणजे एका घोटात दोनशे ग्रॅम ज्वारीचं ल्युसिन, आणि भाकरीतलं बाकी काहीच नाही. आजोबांना गरिबीने जे खावं लागलं त्यातला नेमका नको तो भाग गाळून, स्ट्रॉबेरीचा वास घालून, नातू रियाल मोजून पीत होता.

आता पुढची गोष्ट, ही १९८९ ची. तेव्हा अमेरिकेत ट्रिप्टोफॅन झोपेसाठी आणि मूडसाठी सर्रास विकलं जायचं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या डॉक्टरांकडे एकाच तऱ्हेच्या तक्रारी घेऊन रोगी आले: स्नायूंमध्ये असह्य दुखणं आणि रक्तात इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढलेल्या. सगळ्यांत समान धागा एकच, ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या. शेवटी आकडा दीड हजारांवर गेला, किमान ३७ माणसं दगावली, आणि कित्येकांचं दुखणं वर्षानुवर्षं राहिलं. शोध घेतल्यावर माग गेला जपानच्या शोवा डेन्को कंपनीच्या मालापर्यंत. ट्रिप्टोफॅन मोठ्या टाक्यांत जिवाणूंकडून बनवून घेतात. या कंपनीने जनुकं बदललेला नवा जिवाणू आणला आणि साधारण त्याच सुमारास गाळण्यासाठी लागणाऱ्या कार्बन पावडरचं प्रमाण कमी केलं. मालात अगदी सूक्ष्म प्रमाणात अशुद्ध द्रव्यं आली. पण नेमका दोष कशाचा, जिवाणूचा की गाळणीचा, याचा निर्विवाद निकाल कधीच लागला नाही.

आयटीवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? एकाच रिलीजमध्ये दोन बदल! आमच्याकडे असं झालं तर फार तर क्लायंट ओरडतो, रात्री दोनला रोलबॅक करतो. तिथे रोलबॅक नव्हता. ट्रिप्टोफॅन बाजारातून उठलं. २००० नंतरच्या दशकात निर्बंध सैल झाले आणि ते पुन्हा आलं. मधल्या काळात, १९९४ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला होता की असली सप्लिमेंटं विकण्याआधी ती परिणामकारक आणि सुरक्षित आहेत हे सरकारला सिद्ध करून दाखवायची गरज नाही. हे सगळं मी कॅप्सूल घेण्याआधी वाचायला हवं होतं. वाचलं नंतर.

ट्रिप्टोफॅनने सहा आठवड्यांत काही फरक पडला नाही. मग मी "अपग्रेड" केलं, म्हणजे एक पायरी गाळून थेट ५-एचटीपी. त्याला त्या दारातल्या गर्दीचा तितका त्रास नाही, मेंदूत सहज जातं. शंभर मिलिग्रॅमने सुरुवात, पंधरा दिवसांत तीनशे.

दरम्यान ऑफिसातल्या एका मित्राने माझी अवस्था बघून जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भले होते. तासभर ऐकून घेतलं, डिप्रेशन आहे म्हणाले, सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गटातली एक गोळी लिहून दिली. आणि विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "नाही."

मी खोटं बोललो नव्हतो मंडळी. माझ्या मते ती औषधं नव्हतीच. डब्यावर हिरवं पान होतं, "नॅचरल" लिहिलं होतं!

पाचव्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास हात थरथरू लागले. शर्ट घामाने ओला, एसी बावीसवर असताना. पोट बिघडलं, छाती धडधडायला लागली आणि एका जागी बसवेना. मला वाटलं हार्ट ॲटॅक. बायकोला फोन लावला आणि कापला, तिकडे रात्रीचा साडेबारा वाजला होता, ती वडिलांपाशी हॉस्पिटलात. मग मंडळाच्या यादीतून जवळचा नंबर काढला. अल खुवैरच्या त्याच गल्लीत राहणारे काका लुंगीवरच आले.

इमर्जन्सीत ईसीजी नॉर्मल निघाला. तिथल्या तरुण डॉक्टरने माझं पाऊल धरून वरच्या बाजूला झटका दिला, तर पाऊल आपोआप ठक-ठक-ठक उडायला लागलं, मी थांबवू शकेना. काका घाबरून मागे सरकले. पण कोडं सोडवलं ते एका मल्याळी सिस्टरने. तिने औषधांबद्दल विचारलंच नाही. ती म्हणाली, "प्रोटीन, व्हिटॅमिन, जिमचं पावडर, काही घेता का?" मी यादी सांगितली. डॉक्टरने लिहिणं थांबवून वर पाहिलं.

याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. एक वस्तू सेरोटोनिन बनवणं वाढवते, दुसरी त्याला जागेवरून हटू देत नाही, आणि दोन्हींची बेरीज मज्जासंस्थेला झेपत नाही. माझं सौम्य होतं. सगळं बंद केलं, सलाईन, शांत करणारं इंजेक्शन, रात्रभर नजर. तीव्र असेल तर ताप चढत जातो, स्नायू ताठरतात आणि माणूस जातोसुद्धा.

मग या गोळ्यांनी मूडला फायदा होतो की नाही? सरळ विचारलंत तर सांगतो. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कोक्रेन या संस्थेसाठी ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीवरचे सगळे प्रयोग गोळा केले. १०८ सापडले. त्यांतले नीट, विश्वास ठेवण्याजोग्या पद्धतीने केलेले किती? दोन! दोन्ही मिळून ६४ रोगी. त्या दोनांत फायदा दिसला, पण चौसष्ट माणसांवर काय ठरवणार? मी तर इतक्या कमी टेस्ट केसेसवर हजेरीचं सॉफ्टवेअरसुद्धा सोडणार नाही.

उलट बाजूचाही एक प्रयोग आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात डेल्गाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये, औषधाने बरे झालेल्या डिप्रेशनच्या रोग्यांना ट्रिप्टोफॅन सोडून बाकी अमिनो ॲसिडं असलेलं पेय दिलं. त्याने रक्तातलं ट्रिप्टोफॅन काही तासांत खाली येतं. त्यांतल्या बऱ्याच जणांची उदासी त्याच दिवशी परतली, आणि नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर गेली. पण ज्यांना हा आजार कधीच नव्हता अशा निरोगी लोकांवर असे प्रयोग झाले तेव्हा मूडमध्ये फारसा फरक पडला नाही. म्हणजे माझी ती सुंदर साखळी, इनपुट-प्रोसेस-आउटपुट, इतकी सरळ नाही. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी तर जुन्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की डिप्रेशन हे सेरोटोनिन कमी पडल्याने होतं याला भक्कम पुरावा नाही. त्यावर बराच वाद झाला. पण त्याचा अर्थ "गोळ्या बंद करा" असा कुणी घेऊ नका. औषध लागू पडतं का हा प्रश्न वेगळा आणि का लागू पडतं हा वेगळा, आणि या गोळ्या एकदम थांबवल्या तर वेगळाच त्रास होतो.

माझ्या बाबतीत एक अमिनो ॲसिड खरंच बिघडलेलं होतं, पण ते मी मागवलेल्या कुठल्याच डब्यात नव्हतं. इमर्जन्सीनंतर डॉक्टरांनी सगळं रक्त तपासलं. बी-१२ निघालं १०४ पिकोमोल आणि होमोसिस्टीन चांगलंच वाढलेलं. होमोसिस्टीन हेही अमिनो ॲसिडच. शरीर बी-१२ आणि फोलेटच्या मदतीने त्याचं पुन्हा मेथिओनिन बनवतं, आणि मेथिओनिनपासून मेंदूला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी होतात. बी-१२ नसलं की ही गाडी अडते आणि होमोसिस्टीन साचतं. थकवा येतो, पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, मनही खाली जातं.

आणि हे तर आपल्या पुण्याचं घरचं दुखणं! केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांत ६७ टक्के लोकांचं बी-१२ दीडशे पिकोमोलच्या खाली होतं. शहरी मध्यमवर्गात, म्हणजे आपल्यासारख्यांत, ८१ टक्के! शाकाहारी लोकांना धोका जास्त, कारण बी-१२ वनस्पतींत नसतंच. मी बारा महिने शाकाहारी, आणि त्या चार महिन्यांत एकट्यापुरतं दही लावायचा कंटाळा. पायाला मुंग्या येत होत्या, पण मी त्याचा दोष ऑफिसच्या खुर्चीला देत होतो.

इंजेक्शनं घेतली. मुंग्या दोन-तीन महिन्यांत गेल्या. मनही एका झटक्यात ताळ्यावर आलं असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तसं झालं नाही. डॉक्टरांची गोळी काही दिवसांनी पुन्हा सुरू केली, यावेळी एकटीच. ती वर्षभर चालली. पहाटे तीनची जाग हळूहळू चारवर गेली, मग साडेचारवर. बायको-मुलगी नोव्हेंबरात आल्या. मुलीने फ्रिजवरचे डबे बघून विचारलं, "बाबा, हे काय आहे?" बायकोने काही विचारलं नाही. तिला काकांकडून आधीच कळलं होतं, आणि कापलेल्या फोनचा राग अजून पुरता गेलेला नाही. समोरच बसली आहे, विचारा.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ कमी आहे, पण एक चिठ्ठी आली आहे ती वाचतो. "रात्री झोपताना दूध घेतल्याने ट्रिप्टोफॅन मिळून झोप लागते का?" पेलाभर दुधात असतं ऐंशी-नव्वद मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन, आणि सोबत बाकीचे ट्रकही असतात. तेव्हा हिशेबाने फार काही होऊ नये. पण दूध घ्या, त्यात बी-१२ आहे. आणि आजी हळद घालून देत असेल तर हिशेब करू नका.

दुसरी चिठ्ठी निनावी आहे, ती इथे वाचत नाही. ज्यांनी लिहिली त्यांना एवढंच सांगतो, माझा नंबर मंडळाच्या यादीत आहे. शुक्रवारी सकाळी मी मोकळा असतो. कुरुमच्या बीचवर फिरायला येतो, नंतरचा कडक चहा माझ्याकडून. कॅप्सूल घेत असाल तर डबा सोबत आणा, आपण आधी लेबल वाचू आणि मग दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ.